आकडीतला कोयता

चामटोली

प्रिय भाचेबुवा,


मित्राच्या वाढदिवसाचा तुझा फोटो ताईने दाखवला. केक अर्ध्या किलोचा आणि कापायला ही एवढी तलवार! ती कोणाची, हे मी विचारत नाही. पोलीस मात्र तेच आधी विचारतील, आणि फोटोत मूठ तुझ्या हातात आहे.

तू म्हणशील, मामा स्वतः कमरेच्या आकडीत कोयता अडकवून रानात जातो. जातो ना. 1959 च्या शस्त्र कायद्याने केवळ घरकामासाठी किंवा शेतीसाठी घडवलेली अवजारं शस्त्रांतून वगळली आहेत. तलवार, गुप्ती, खंजीर, भाला यांना ती सवलत नाही. घरकामाचा वा शेतीचा नसलेला, 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचा सुराही त्यांच्याच यादीत बसतो. चंदेरी गडाच्या ट्रेकसाठी जो सुरा ऑनलाइन मागवणार आहेस, त्याचं पातं आधी बघ. कुरियरवाल्याने दारात आणून दिला म्हणून सुरा कायदेशीर होत नाही. आणि गडावर कापायचं काय असतं रे? काकडीच ना?

पण कोयत्याची सवलतही सगळीकडे पुरत नाही. एकदा दसऱ्याच्या तोंडावर बांधावरचं गवत कापलं आणि कोयता तसाच गाडीला अडकवून मी बदलापूरला निघालो. नाकाबंदीत अडवलं. मनाई आदेश लागू होता, मला पत्ताच नाही. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली शहरात पोलीस आयुक्त आणि गावाकडे जिल्हाधिकारी तो काढतात. सण, मोर्चे, निवडणुका आल्या की हमखास. त्यात सुरे-तलवारी तर येतातच, साधी काठीही येते, शिवाय इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू. मोडला तर कलम 135: साधारण चार महिने ते एक वर्ष कैद, वर दंड. माझ्या पात्याला ओलं गवत चिकटलेलं होतं, पाय चिखलाने भरलेले. हवालदाराने शेत कुठे, चाललात कुठे, एवढं विचारून समज दिली. तुझ्या दप्तरात सुरा निघाला तर तू काय दाखवशील?

तुमच्या मंडळातला कोणी ‘जवळ असू दे, कामाला येईल’ म्हणत असेल, तर त्याला माझ्याकडे पाठव.

भातकापणीला ये. तुझ्यासाठी नवी आकडी करून ठेवली आहे. कोयता मात्र जाताना इथेच ठेवायचा.

तुझा,
मामा