मनी आपोआप बारीक झाली, तर

ख्राइस्टचर्चच्या मराठी घरांतल्या मांजरांबद्दल मी व्हेट म्हणून दोन वाक्यं फार ऐकते. मांजर आठ-नऊ वर्षांचं असताना, "फारच सुटलंय हो हे." आणि तेच तेरा-चौदाचं झालं की, "बरं झालं, बारीक झालं एकदाचं." पहिलं वाक्य काळजीचं आहे, पण त्यावर उपाय करायला हाताशी वेळ असतो. मला धास्ती वाटते ती दुसऱ्याची.

नसबंदी झालेलं, दिवसभर हीट पंपासमोर लोळणारं मांजर साधारण दहा-अकरा वर्षांपर्यंत वजन धरत जातं. पुढे बऱ्याच मांजरांची चरबी आणि प्रथिनं पचवायची ताकद घटते, स्नायू झिजू लागतात. त्यात थायरॉइड वाढलं असेल, मूत्रपिंडं दमली असतील, मधुमेह असेल किंवा दात दुखत असतील, तर वजन झपाट्याने उतरतं. थायरॉइडचं मांजर तर अधाशासारखं खातं, रात्री ओरडत घरभर फिरतं आणि तरी वाळतं. घरच्यांना वाटतं, म्हातारपणी उत्साह आला! लठ्ठ मांजराचं झिजणं लवकर दिसतही नाही, कारण खाली पोट लोंबतच असतं. पाठीवरून हात फिरवा. मणके टोचू लागले असतील, तर पोटाकडे बघून निश्चिंत राहू नका.

म्हणून माझा पहिला सल्ला खाण्याबद्दल नाही, काट्याबद्दल आहे. बाळांचा वजनकाटा मिळाला तर उत्तम. मांजराला कडेवर घेऊन बाथरूमच्या काट्यावर उभं राहण्यात शे-दोनशे ग्रॅम सहज इकडचे तिकडे होतात, आणि इथे तेवढ्यालाच महत्त्व आहे. पाच किलोच्या मांजराचे 250 ग्रॅम म्हणजे सत्तर किलोच्या माणसाचे साडेतीन किलो. दर महिन्याला आकडा कॅलेंडरवर लिहा. तुम्ही खाणं कमी केलेलं नसताना दोन महिने आकडा उतरला, तर रक्त, लघवी आणि रक्तदाब तपासून घ्या.

आता जाड्यांकडे वळू. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत आणि वरून पाहिल्यावर कंबर दिसली पाहिजे. चार किलोच्या घरबशा मांजराला दिवसाला साधारण 200 कॅलरी पुरतात. दहा ग्रॅम चीजमध्ये 40 असतात, म्हणजे दिवसाच्या जेवणाचा पाचवा हिस्सा एका तुकड्यात संपला. शंभर मिली दुधात साठाच्या वर. तीन महिन्यांसाठी पुण्याहून आलेल्या आजी "खाऊ दे गं बिचारीला" म्हणत तुपाची पोळी भरवतात, त्यांना मी काही बोलू शकत नाही, तुम्हीच बोला. फोडणीच्या भाताबद्दल मात्र स्पष्ट सांगते: कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. शाकाहारी घरांनाही एक विनंती. मांजराला टॉरिन लागतं आणि ते मांसातून येतं. ते कमी पडलं की हृदयाचा स्नायू ढिला पडतो, हे 1987 मध्ये कॅलिफोर्नियात पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. दही-भातावर मांजर जगवू नका.

बिस्किटं, म्हणजे कोरडे दाणे, वाटीने न मोजता स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्रॅममध्ये मोजा. शक्य तितकं ओलं खाणं द्या; त्यात पाणी जास्त, म्हणून पोट भरतं आणि कॅलरी कमी जातात. इथली मांजरं कुंपणं ओलांडून चार घरी जेवतात, तेव्हा शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा किंवा गळ्यात "मला खायला देऊ नका" अशी कागदी पट्टी अडकवा.

वजन उतरवायचं ते हळूहळू. आठवड्याला एक टक्का पुरे. सहा किलोच्या बोक्याला साडेचारवर आणायला सहा-सात महिने लागतील, लागू द्या. संकष्टी आपण करावी, मांजराला घडवू नये. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही, तर अंगातली चरबी यकृतात साठते, कावीळ होते आणि जीवही जाऊ शकतो. "भूक लागली की खाईल" हे मांजराच्या बाबतीत खरं नाही.

म्हाताऱ्या मांजरांचे सांधे हा वेगळाच विषय. 2002 मधल्या एका अमेरिकी पाहणीत बारा वर्षांवरच्या नव्वद टक्के मांजरांच्या एक्स-रेमध्ये सांधे झिजल्याच्या खुणा दिसल्या. ती लंगडत नाहीत, फक्त खिडकीत उडी मारायचं सोडतात, अंग चाटणं कमी करतात, ट्रेच्या बाहेर करतात. जून-जुलैतल्या दहिवरात हे वाढतं. ट्रेची एक कड कापून बुटकी करा, पलंगाशी पायरी ठेवा. वेदना कमी करणारं महिन्यातून एकदाचं इंजेक्शन आता मिळतं, आपल्या व्हेटला विचारा. घरातलं पॅनाडोल किंवा क्रोसिन मात्र तुकडाभरसुद्धा देऊ नका, त्याने मांजर मरतं.

आणि डिसेंबरमधली भारतवारी. आपण पाच-सहा आठवडे जातो, मांजर कॅटरीत, म्हणजे मांजरांच्या पाळणाघरात. नवी जागा, नवे आवाज, आणि जाडं मांजर रुसून खाणं सोडतं. वर सांगितलेली कावीळ होण्याची ही हमखास वेळ. नेहमीचंच खाणं सोबत द्या, घरची न धुतलेली चादर द्या आणि निघण्याआधीचं वजन कागदावर लिहून द्या. त्याच कागदावर लिहा: 24 तास काही खाल्लं नाही तर व्हेटकडे न्यावं, खर्चाला आमची संमती आहे. कॅटरीने सकाळी नऊला फोन केला तर पुण्यात रात्रीचा दीड वाजलेला असेल, आणि तुम्ही तो उचलणार नाही.