कमरेची सुरी

पोळ्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट. तेव्हा आम्ही नोकरीत होतो. शाळा सुटली आणि आम्ही घरी निघालो. वाटेत आबांचा गोठा लागतो. आतून आरडाओरड ऐकू आली. आत जाऊन पाहतो तो काय? नवा बैल दाव्यात गुंतून पडलेला. त्याचा पुढचा पाय दाव्यात अडकला होता. बैल जसजसा हिसके देई, तसतसे दावे गळ्याला आवळत होते. जीभ बाहेर आली होती. डोळे फिरले होते. गाठ सोडू म्हटले तर सुटेना. नायलॉनचे दावे, गाठ दगडासारखी घट्ट बसलेली.

आबांच्या थोरल्याने खिशातून चाकू काढला. मिटायचा चाकू. नखाने तो पाते ओढू लागला. पाते गंजून बसले होते. नख मोडले, पण पाते काही उघडले नाही. तेवढ्यात आबा धावत आले. त्यांच्या कमरेला चामड्याच्या म्यानात एक सुरी असे. मुठीसकट वीतभर लांब. त्यांनी ती उपसली आणि दोन ओढीत दावे तोडले. बैल थोडा वेळ तसाच पडून राहिला. मग धापा टाकत उठला.

आबा मुलाला एवढेच म्हणाले, "खिशातलं खेळणं हाय ते. हत्यार न्हवं."

मिटतो तो चाकू. मिटत नाही ती सुरी. बोलताना आपण दोन्ही शब्द कसेही वापरतो. या पाठापुरता एवढा फरक लक्षात ठेवू या. चाकूचे पाते एका खिळीवर फिरते. त्या खिळीत माती जाते, आंब्याचा चीक जातो, पाणी जाते. मग ती गंजते, नाही तर ढिली होते. ढिला चाकू काम करता करता बोटावर मिटतो. सुरीला सांधाच नाही. टोकापासून मुठीच्या शेवटापर्यंत पोलाद एकच. पाण्याखाली धरली की धुऊन होते. एका हाताने उपसता येते. दुसऱ्या हातात दावे असो, नाही तर करडू असो.

अशी सुरी घ्यायची तर केवढी घ्यावी? पाते चार बोटे लांब पुरे. रुंदी एक इंच. पाठ एका सुताहून जाड नको. जाड पाते लाकूड फोडायला बरे, पण कांदा कापायला बसलात तर कांदा फुटतो. मोठी सुरी दिसायला ऐटदार असते. पण ती मांडीला टोचते, बसताना अडते, आणि चार दिवसांत घरी खुंटीला लटकते. मग वेळेला तिचा काय उपयोग?

बाजारात स्टेनलेस स्टीलच्या सुऱ्या मिळतात. 1913 साली इंग्लंडमधल्या शेफील्ड गावी हॅरी ब्रेअर्ली नावाच्या माणसाने असे पोलाद तयार केले. त्यात क्रोमियम नावाचा धातू असतो, म्हणून ते सहसा गंजत नाही. अशी सुरी वाईट नाही. पण गावात घिसाडी आला, तर त्याच्याकडून सुरी करून घेण्यात मजा आहे. त्याच्या भात्यापाशी दोन घटका बसून पाहा.

तो बहुधा मालमोटारीच्या जुन्या पाट्याचा तुकडा घेतो. का? साध्या खिळ्याचे लोखंड मऊ. त्याला धार लागते, पण टिकत नाही. पाट्याच्या पोलादात कार्बन असतो. कार्बन म्हणजे कोळशात असतो तोच पदार्थ. शंभर भागांत जेमतेम अर्धा भाग. एवढ्याशा कार्बनाने सगळा फरक पडतो. असे पोलाद लालभडक तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवले की कडक होते. इतके कडक की दगडावर आपटले तर काचेसारखे तुटावे. म्हणून चांगला कारागीर तिथे थांबत नाही. पाते घासून चकचकीत करतो आणि पुन्हा मंद आचेवर धरतो. आता रंग पाहायचा. आधी वाळल्या कडब्यासारखा पिवळा रंग चढतो, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. सुरीला पिवळा रंग आला की काम झाले. निळ्यावर गेले तर पाते चिवट होते, पण धार लवकर जाते. याला आपल्याकडे 'पाणी देणे' म्हणतात. ज्याला पाणी देता येते तो खरा कारागीर. त्याच्याशी पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करू नये, असे आम्हांला वाटते.

मूठ बाभळीची किंवा शिसवाची करावी. हातात भरेल अशी, आणि पात्याजवळ थोडी फुगीर. घामाने हात निसटला तर तो फुगवटा बोटे अडवतो. पुष्कळ जण हे विसरतात आणि तर्जनीवर खूण घेऊन फिरतात. आमच्याही तर्जनीवर ती आहे.

सुरी सदा उघडी असते, हा तिचा दोष. म्हणून म्यान हवेच. फडक्यात गुंडाळलेली सुरी म्हणजे घरात सोडलेला विंचू. चांभाराकडून जाड चामड्याचे म्यान करून घ्यावे. शिवणीच्या आत चामड्याची एक अरुंद पट्टी घालायला सांगावी. नाही तर धार हळूहळू टाके कापते, आणि एक दिवस पाते बाहेर येते. म्यान झाले की सुरीसकट उलटे धरून हलवावे. सुरी खाली पडली तर म्यान परत द्यावे. ओली सुरी म्यानात घालू नये. चामडे ओल धरते आणि पाते आतल्या आत गंजते. काम झाले की पुसावी, खोबरेल तेलाचे बोट फिरवावे. रात्री म्यानातून काढून पोरांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवावी.

आता धार. बोथट सुरी सुरक्षित असते असे लोकांना वाटते. उलटे आहे. बोथट सुरीला जोर लावावा लागतो. जोर लावला की ती घसरते, आणि घसरली की हातावर येते. दुधारी दगड आणावा. एक बाजू खरखरीत, एक बारीक. खाली ओले फडके घालावे म्हणजे दगड सरकत नाही. दगडावर पाणी टाकावे. सुरी आडवी ठेवून तिची पाठ शिसपेन्सिलीच्या जाडीइतकी उचलावी. इंचभर रुंद पात्याला एवढे बरोबर होते. मग दगडाची पातळ साल काढतो आहोत अशा बेताने सुरी पुढे न्यावी. दहा वेळा एका बाजूने, दहा वेळा दुसऱ्या. कोन बदलू नये. सारी खुबी त्यात आहे. पलीकडच्या बाजूला बारीक खरखर लागू लागली की धार आली असे समजावे. मग बारीक बाजूवर हलक्या हाताने तसेच करावे. शेवटी न्हावी वस्तरा घोटतो तशी चामड्यावर उलटी ओढावी. धार अंगठ्यावर पाहू नये. जुन्या वहीचा कागद हातात धरून कापून पाहावा.

उत्तर युरोपात फिनलंड नावाचा थंड देश आहे. तिथल्या लोकांची सुरी अगदी आबांच्या सुरीसारखी आहे. तिला 'पूक्को' म्हणतात. बर्च झाडाच्या लाकडाची मूठ, लहान पाते, पट्ट्याला लटकणारे चामड्याचे म्यान. रानात लाकूड तासायला, मासा साफ करायला ती वापरतात. पण त्याच देशाचा कायदा असा आहे की कामाचे कारण नसताना ती चारचौघांत बाळगायची नाही.

आपलाही कायदा ठाऊक असावा. 1959 च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांत धरल्या आहेत. घरकामाच्या आणि शेतीच्या सुऱ्या त्यातून वगळल्या आहेत. आपली चार बोटांची सुरी त्यात बसत नाही. तरी यात्रा, निवडणूक, तंटा अशा वेळी 1951 च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याप्रमाणे हुकूम निघतो. त्या दिवसांत सुरीच काय, काठी बाळगायलाही बंदी असू शकते. असा कागद चावडीवर लागतो. आता तुम्हांला वाचता येते, तेव्हा तो वाचा. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने यात्रेत भांडताना नुसती दाखवायला सुरी काढली. कोणाला लागले नाही. पण तारखा भरता भरता त्याच्या दोन म्हशी गेल्या.

हात कापला तर काय करावे? वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुवावी आणि स्वच्छ फडक्याने दाबून धरावी. शेण, राख, तंबाखू यांतले काही लावू नये. लोक म्हणतात, गंजक्या सुरीने धनुर्वात होतो. गंजाने होत नाही. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात. चकचकीत सुरीला माती लागली असेल तरी ते जखमेत जातात. म्हणून लस घ्यावी. मोठ्या माणसांनीही दर दहा वर्षांनी घ्यावी. पूर्वी विळ्याने, सुरीने बाळाची नाळ कापीत. त्यातून किती बाळे गेली! आता बाळंतपणे दवाखान्यात होतात, आईला लस मिळते. 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले की आई आणि नवजात बाळ यांच्या धनुर्वाताला भारताने आटोक्यात आणले आहे. कमरेची सुरी ज्योतीवर धरून नाळ कापली तर चालेल, असे अजून कोणी म्हणेल. चालत नाही. हे जंतू तेवढ्याने खात्रीने मरत नाहीत.

आणखी एक सांगायचे आहे. ते सांगताना आम्हांला संकोच होतो. 1991 सालच्या पावसाळ्यात आबांच्या गड्याला बांधावर घोणस चावली. पायाला. आम्ही तिथे होतो. शिकलेला माणूस म्हणून सगळे आमच्या तोंडाकडे पाहू लागले. आम्ही म्हणालो, "चिरा द्या, विष बाहेर येईल." आबांनी हीच सुरी काढली. सुरीला धार चांगली होती. रक्त वाहू लागले ते थांबेचना. घोणशीच्या विषाने रक्त गोठणे बंद होते. ते आम्हांला ठाऊक नव्हते. तालुक्याच्या दवाखान्यात प्रतिविष मिळाले. गडी वाचला. पण त्याच्या पायाची शीर आमच्या सांगण्याने तुटली. तो आजही लंगडत चालतो आणि दिसला की "राम राम गुरुजी" म्हणतो.

चिरा देऊन विष बाहेर येत नाही. तोंडाने ओढूनही येत नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे, कोणताही साप चावो, सुरी म्यानातच राहू द्यावी. दोरीने पाय आवळू नये. माणसाला धीर द्यावा, आडवे ठेवावे, चालवू नये. चावलेला पाय किंवा हात फळीला सैल बांधून स्थिर ठेवावा. 108 ला फोन लावावा. गाडी यायला वेळ असेल तर बाजेवर, मोटारीत, जसे जमेल तसे प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्यावे. असे प्रतिविष आपल्या जवळ कुठे मिळते, हे पावसाळ्याआधीच विचारून भिंतीवर लिहून ठेवावे.