पै-पैचा हिशेब

इ. स. १८८८ च्या सप्टेंबर महिन्यात मोहनदास गांधी हा १८ वर्षांचा तरुण कायद्याच्या अभ्यासासाठी मुंबईहून विलायतेस निघाला. वडील पूर्वीच निवर्तले होते. खर्चाचा भार थोरल्या बंधूंनी उचलला होता.

लंडनला पोचल्यावर मोहनदासास साहेबी थाटाची भुरळ पडली. १० पौंडांचा पोशाख आला, १९ शिलिंगांची उंच टोपी आली. नृत्याच्या शिकवणीस ३ पौंड व व्हायोलिनसाठी आणखी ३ पौंड गेले. हे वेड सुमारे ३ महिने टिकले. आपण विद्यार्थी आहोत, विद्या मिळविणे हेच आपले काम, हे मग त्याच्या ध्यानी आले.

मात्र या मोहाच्या काळातही त्याने एक नेम मोडला नव्हता. बसचे भाडे, टपालहशील, वर्तमानपत्रासाठी दिलेली एक-दोन तांब्याची नाणी, असा बारीकसारीक खर्चही तो टिपून ठेवी व रोज रात्री निजण्यापूर्वी शिल्लक काढी.

पुढे हा हिशेबच त्याचा सल्लागार झाला. वही चाळताना गाडीभाड्याच्या रकमा पुनःपुन्हा दिसू लागल्या. तेव्हा खर्च निम्म्यावर आणण्याचे त्याने ठरविले. कामाच्या ठिकाणी अर्ध्या तासात पायी जाता येईल, अशा जागी त्याने बिऱ्हाड हलविले. भाडे वाचले, रोज आठ-दहा मैल चालणे घडू लागले आणि प्रकृतीही उत्तम राहिली. नंतर तर तो एकाच खोलीत राहू लागला. सकाळी चुलीवर ओटची लापशी व कोको तो स्वतः करी. रोजचे खाणे सव्वा शिलिंगात भागू लागले. या साधेपणाने त्याचे जीवन नीरस झाले नाही. उलट बंधूंच्या कष्टाचा पैसा उधळला जात नाही, या जाणिवेने मनास समाधान लाभले.

हाच तरुण पुढे महात्मा गांधी म्हणून जगास ठाऊक झाला. लोकांचे लाखो रुपये त्यांच्या हातून खर्च झाले. तरी त्यांनी चालविलेल्या चळवळींवर कर्ज न राहता नेहमी शिल्लकच उरली. त्या सवयीचे मूळ लंडनमधील त्या हिशेबात होते.

पैसा कोठे जातो हे कळल्यावाचून तो राखता येत नाही. जमा किती, खर्च किती व शिल्लक किती, हे रोज लिहिण्यास पाच मिनिटे पुरतात. एखाद्या महिन्यानंतर ती पाने वाचली, म्हणजे कोणता खर्च गरजेचा होता व कोणता केवळ हौसेचा, हे वहीच सांगू लागते.