पेस्ट कंट्रोल: परवाना आधी, पंप नंतर

‘केमिस्ट्री घेऊन बीएस्सी केलं आणि आता लोकांच्या घरची झुरळं मारत फिरणार?’ मुलाने पेस्ट कंट्रोलचं नाव काढलं की घराघरांत हा प्रश्न येतोच. त्यात काळजी असते आणि थोडी लाजही. लाजेवर माझ्याकडे उपाय नाही. ‘चार लोक काय म्हणतील’ याला कुठल्याच करिअरमध्ये उत्तर सापडत नाही. काळजीचं मात्र बोलू. आणि तिथेच एक गोष्ट बहुतेक पालकांना ठाऊक नसते: ज्या पदवीला ‘आता हिचं काय करायचं’ असं घरात म्हटलं जातं, तीच पदवी कायद्याने या धंद्याची किल्ली ठरवली आहे.

कायदा म्हणजे कीटकनाशक अधिनियम 1968 आणि त्याखालचे 1971 चे नियम. कीटकनाशकं वापरून पैसे घेऊन कीड नियंत्रणाचं काम करायचं असेल, तर या नियमांखाली वेगळा परवाना लागतो. अर्जदार किमान कृषी पदवीधर असावा, किंवा रसायनशास्त्र हा विषय घेऊन झालेला विज्ञान पदवीधर असावा. शिवाय ठरावीक संस्थांपैकी एकीत किमान 15 दिवसांचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र हवं. या संस्था तीन: म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था, उत्तर प्रदेशातल्या हापूडची धान्य साठवण संस्था आणि हैदराबादजवळ राजेंद्रनगरची राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्था. यांपैकी एकही महाराष्ट्रात नाही. म्हणजे पंधरवड्याचा प्रवास, राहणं-खाणं आणि फी हा पहिला खर्च धरूनच चालायचं. तारखा त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावर बघाव्यात आणि जागा लवकर धरावी.

परवाना देतं कोण? राज्याचा कृषी विभाग. दादरच्या फ्लॅटमधल्या ढेकणांचा आणि शेतीचा काय संबंध, असं वाटेल. पण कीटकनाशक कपाशीवर मारा किंवा किचनच्या ओट्याखाली, कायदा एकच आहे. अनेक जण नगरपालिकेच्या दारात जाऊन वेळ घालवतात. तसं करू नका. सरळ जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा आणि अर्ज कुठे, कसा करायचा, शुल्क किती, कागद कोणते हे तिथून घ्या. एक गल्लत मात्र टाळा. खतं-औषधांच्या दुकानाला लागतो तो विक्रीचा परवाना वेगळा आणि फवारणीच्या व्यवसायाचा वेगळा. मामाचं कृषी सेवा केंद्र आहे म्हणून भाच्याला त्याच कागदावर सोसायट्यांची कामं घेता येत नाहीत.

बीकॉम किंवा बीए झालेल्या मुलांनी इथे निराश व्हायचं कारण नाही. पात्र भागीदार घेऊन फर्म काढता येईल का, हे त्याच कार्यालयात विचारा आणि उत्तर शक्यतो लेखी घ्या. पण कुणाचं तरी प्रमाणपत्र महिन्याच्या भाड्याने घेऊन फ्रेम करून लावण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो ऐकू नका. काही विपरीत घडलं की पोलीस प्रमाणपत्रावरच्या नावाबरोबर तुमचंही नाव विचारतात.

विपरीत घडतं, म्हणून तर परवाना. धान्याच्या कोठारात वापरायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घ्या. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. बंद गोदामात, ताडपत्रीखाली, मोजून वापरला तर सोनकिडे आणि पोरकिडे मरतात. हाच वायू राहत्या इमारतीत पाइपच्या फटीतून आणि डक्टमधून शेजाऱ्याच्या बेडरूममध्ये शिरतो, आणि त्यावर नेमका उतारा असं औषध नाही. म्हणून अशा धुरीकरणाच्या रसायनांसाठी साधा परवाना पुरत नाही. केंद्र सरकारच्या वनस्पती संरक्षण सल्लागाराची वेगळी मान्यता लागते. ढेकणांसाठी फ्लॅटमध्ये गोळी ठेवून देणारा माणूस धाडसी नसतो, गुन्हेगार असतो. ग्राहकाने कितीही गळ घातली तरी नाही म्हणायला शिकणं हा या धंद्यातला पहिला धडा आहे.

धंद्याचा इतिहासही हेच सांगतो. हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय हा इंग्रज कीटकशास्त्रज्ञ बिहारमधल्या पुसा इथे भारत सरकारचा कीटकतज्ज्ञ होता. भारतातल्या किडींवरची त्याची पुस्तकं मोलाची मानली गेली. पुढे लंडनला परतल्यावर वेस्टमिन्स्टर हॉलच्या तुळया पोखरणाऱ्या भुंग्यावर त्याने औषध शोधलं आणि 1925 मध्ये कंपनी काढली. तीच आजची जगभर पसरलेली रेंटोकिल. 2017 पासून ती मुंबईत 1954 साली सुरू झालेल्या पेस्ट कंट्रोल इंडियाबरोबर भारतात काम करते. पण लेफ्रॉय स्वतः कंपनी काढली त्याच वर्षी, 1925 मध्ये, प्रयोगशाळेत विषारी वायूवर काम करताना गेला. एवढा जाणकार माणूस! आपल्याकडे 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते अजून विस्मरणात गेलेलं नाही. मास्क, नायट्राइलचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, काम झाल्यावर साबणाने आंघोळ: हे खर्चाच्या यादीत सर्वांत वर लिहायचं. तुंबलेला नोझल तोंडाने फुंकायचा नाही, उरलेलं द्रावण पाण्याच्या बाटलीत भरून ठेवायचं नाही. डब्यावरचा त्रिकोण आधी बघायचा. लाल म्हणजे अतितीव्र विष, मग पिवळा, मग निळा, आणि सर्वांत सौम्य हिरवा. घरगुती कामात जितकं निळ्या-हिरव्यात राहाल तितकं बरं. आणि हिरवा म्हणजे निर्धोक असंही समजू नका.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. अजूनही अनेकांना पेस्ट कंट्रोल म्हटलं की पाठीवर पंप, घरभर वास आणि दिवसभर बाहेर राहायला लागणं एवढंच आठवतं. झुरळांच्या बाबतीत ते चित्र जुनं झालं. आता बिजागऱ्यांत, फ्रिजच्या मोटरमागे, ड्रॉवरच्या कोपऱ्यात जेलचे बारीक ठिपके ठेवतात. झुरळ ते खातं, लपायच्या जागी जाऊन मरतं, आणि त्याची विष्ठा व मेलेलं शरीर खाऊन बाकीचीही मरतात. किचनमधलं ते लहान तपकिरी झुरळ अंड्यांची पिशवी पोटाला लावून फिरतं. एका पिशवीत 30 ते 40 अंडी. ढेकणांची अंडी तर फवारणीतूनही वाचतात, म्हणून साधारण 15 दिवसांनी दुसरी फेरी लागतेच. हे ग्राहकाला आधी सांगितलं नाही, तर दुसऱ्या आठवड्यात फोन येतो, ‘तुमचं औषध बोगस आहे’. ठिपका कुठे ठेवायचा हे ज्याला कळतं त्याला औषध कमी लागतं, ग्राहक टिकतो आणि नफाही त्यातच आहे.

वाळवीच्या कामात तर केमिस्ट्रीचा सरळ पैसा होतो. नवीन बांधकामाच्या वेळी जमिनीवर करायच्या प्रक्रियेसाठी भारतीय मानक 6313 आहे. त्यानुसार जोत्याच्या आडव्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला 5 लिटर द्रावण लागतं, पायाच्या उभ्या बाजूंना साडेसात लिटर. हजार चौरस फूट म्हणजे सुमारे 93 चौरस मीटर. म्हणजे फक्त जोत्यालाच 465 लिटर. क्लोरपायरीफॉस 20 टक्के ईसी वापरून 1 टक्क्याचं द्रावण करायचं, तर एक भाग औषधाला 19 भाग पाणी. म्हणजे औषध झालं 23 लिटरच्या वर. आता शंभर लिटरचा ड्रम घेऊन येणारा आणि निम्म्या दरात ‘दहा वर्षांची गॅरंटी’ देणारा काय करतो, ते तुम्हीच ओळखा. बिल्डरला हा हिशेब समजावून सांगणारा मुलगा मी बघितला आहे; काम त्यालाच मिळालं, तेही चढ्या दरात. राहत्या घरात मात्र भिंत आणि फरशीच्या सांध्यात फूटभर अंतरावर ड्रिलने भोकं पाडून द्रावण आत सोडतात आणि भोकं बुजवतात. ते वेळखाऊ, धुळीचं आणि चांगल्या पैशांचं काम आहे.

पैशाचा कणा म्हणजे वार्षिक करार, धंद्यातल्या भाषेत एएमसी. एकेका घराची कामं पोट भरतात, पण पावसाळ्यात फोन थांबत नाही आणि थंडीत वाजत नाही. करार ही उणीव भरून काढतात. अन्न सुरक्षा कायद्याच्या 2011 च्या विनियमांतल्या अनुसूची 4 मुळे हॉटेल, बेकरी, डेअरी, अन्नप्रक्रिया कारखाने यांना कीड नियंत्रण करणं आणि त्याची नोंद ठेवणं भागच आहे. औषध कंपन्यांचं ऑडिट आणखी कडक. तिथे तुम्ही उंदीर किती पकडले याइतकंच पिंजऱ्यांचा नकाशा, प्रत्येक भेटीचा अहवाल आणि वापरलेल्या औषधाची नोंदणी व मात्रा बघितली जाते. ज्याची वही नीट, त्याचा करार पक्का. सोसायट्या मात्र पैसे द्यायला उशीर करतात, हे गृहीत धरून पहिल्या सहा महिन्यांचे पगार हाताशी ठेवा.

निर्यातीचं काम हा वेगळाच दर्जा. उरणजवळच्या जेएनपीए बंदरातून माल जातो त्याबरोबरच्या लाकडी खोक्यांना आणि पॅलेटना आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे प्रक्रिया करून शिक्का लागतो: एकतर लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस उष्णता 30 मिनिटं, नाहीतर मिथाइल ब्रोमाइडचं धुरीकरण. त्यासाठी केंद्राच्या वनस्पती संरक्षण संचालनालयाची मान्यता हवी. भांडवल मोठं, जबाबदारी मोठी. सुरुवातीला तिकडे वळू नका.

कागदपत्रांचं बाकीचं थोडक्यात. माणसं थोडीच असतील तर महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात फक्त सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणी मोफत आहे. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटाला हात जोडा. सेवांची उलाढाल वर्षाला 20 लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी, आणि या सेवेला दर 18 टक्के. मुद्रा कर्जाच्या शिशु गटात 50 हजारांपर्यंत रक्कम मिळते. हातपंप, जेलच्या सिरिंज आणि सुरक्षा साहित्य यांची सुरुवात तेवढ्यात होऊ शकते. त्रयस्थाला झालेल्या हानीचा विमा मात्र पहिल्याच वर्षी काढा.

सगळ्यांनीच धंदा काढावा असं मुळीच नाही. कंपन्यांमध्ये टेक्निशियनपासून शाखा व्यवस्थापकापर्यंत नोकऱ्या असतात. राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठातून कीटकशास्त्रात एमएस्सी केलेल्यांना कीटकनाशक उत्पादक कंपन्या घेतात. मुंबई महापालिकेच्या कीटकनाशक विभागात रात्रपाळीचे मूषक संहारक असतात, ज्यांना रोज रात्री 30 उंदीर मारावे लागतात. त्याच विभागात अधिकारीही असतात. 1896 च्या प्लेगची आठवण असलेल्या शहरात हे काम कुणी हलकं समजू नये.

माझा सल्ला क्रमाचा आहे. पदवी झाली की आधी एखाद्या चांगल्या कंपनीत वर्ष-दोन वर्षं टेक्निशियनबरोबर फिरा, ओट्याखाली वाका, माळ्यावर चढा. त्यातच कळेल की हे काम आपल्याला झेपतं का. वास, धूळ, रात्री हॉटेल बंद झाल्यावरची ड्युटी हे सगळ्यांना मानवत नाही. दम्याचा त्रास असेल तर हे क्षेत्र सोडून द्या, हट्ट करू नका. झेपतंय असं वाटलं तर 15 दिवसांचं प्रशिक्षण, मग अर्ज, मग परवाना. पालकांना एकच विनंती: मुलाला टेम्पो आणि ऑफिसच्या डिपॉझिटसाठी पैसे देण्याआधी प्रशिक्षणाची फी आणि विम्याचा हप्ता द्या, आणि परवाना हातात पडेपर्यंत व्हिजिटिंग कार्ड छापू देऊ नका.