कान गेला की तार तुटली?

चेणे गाव घोडबंदर रस्त्याला लागून आहे. एका बाजूला डोंगर आणि जंगल, दुसऱ्या बाजूला खाडी. रस्त्यावर ट्रकांची रीघ असते. संध्याकाळी आमचा वर्ग भरतो तेव्हा मोठ्याने बोलावे लागते.

वर्गात एक आजोबा येतात. त्यांना जरा कमी ऐकू येते. म्हणून आम्ही धडा वाचून त्यांच्या मोबाइलवर भरून देतो. घरी ते हेडफोन लावतात, धडा ऐकतात आणि पुस्तकातल्या शब्दांवर बोट फिरवतात. असे करत ते वाचायला शिकले.

एकदा चार दिवस ते आले नाहीत. आम्ही घरी गेलो. आजोबा म्हणाले, "मास्तर, डावा कान गेला. आता शिकून काय करायचं?"

आम्ही म्हणालो, "वय झालं की असं व्हायचंच."

हे आमचे चुकले. तपासल्यावाचून आम्ही बोललो होतो. तपासले ते त्यांच्या सुनेने. ती म्हणाली, "मामंजी, हेडफोन उलटा करून लावा बघू."

आजोबांनी उलटा लावला. आता डाव्या कानाला ऐकू आले आणि उजवा कान गप्प झाला! कान शाबूत होता. दोष हेडफोनमध्ये होता.

उलटा लावूनही तोच कान गप्प राहिला असता, तर डॉक्टरांकडे जावे लागले असते. तेव्हा आधी परीक्षा, मग निदान.

दोष कोठे असतो?

हेडफोनची तार रोज वाकते, रोज ओढली जाते. बहुधा ती दोन ठिकाणी तुटते. एक, मोबाइलमध्ये घालायच्या पिनेजवळ. दुसरे, कानाच्या वाटीत शिरते तेथे. वरून ती धड दिसते, पण आतले बारीक तंतू तुटलेले असतात. आवाज चालू ठेवून तार तेथे हळूच वाकवावी. आवाज येऊ-जाऊ लागला, की तुटलेली जागा सापडली.

तार तुटली म्हणून सारा हेडफोन फेकू नये. १९१० साली अमेरिकेत नॅथॅनियल बाल्डविन नावाच्या गृहस्थांनी आपल्या स्वयंपाकघरात हेडफोन तयार केले आणि ते तिथल्या आरमाराने घेतले. हाताने जोडलेली वस्तू हाताने दुरुस्तही होते.

तार कशी बदलावी?

१. हेडफोन मोबाइलपासून सोडवा. नवी तार पिनेसकट आणा. जुन्या पिनेवर जितकी काळी कडी असतील, तितकीच नव्या पिनेवर हवीत.

२. कानाची गादी काढा. खालचे स्क्रू काढा. आत लहान स्पीकर असतो. त्यावर दोन ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला एकेक तार जोडलेली असते.

३. कोणती तार कोठे आहे ते कागदावर लिहा. पुष्कळदा उजवीकडची तार तांबडी, डावीकडची हिरवी किंवा निळी असते. दोन्हीकडची दुसरी तार तांब्याच्या रंगाची असते. आमच्या आजोबांनी स्वतःच्या हाताने लिहिले, "तांबडी वर, तांब्याची खाली."

४. जुनी तार काढा. नवी तार वाटीच्या भोकातून आत घ्या आणि आतल्या बाजूने एक गाठ मारा. मग ओढ गाठीवर पडते, जोडावर पडत नाही.

५. तारेच्या तंतूंवर रंगाचा पातळ लेप असतो. तो टोकाला हळूच खरवडून काढा. भांडे घासल्यावाचून कल्हई धरत नाही, तसा लेप काढल्यावाचून जोड धरत नाही.

६. आधी तारा ठिपक्यांना नुसत्या टेकवून आवाज ऐका. दोन्हीकडे आवाज आला, की मोबाइल सोडवा आणि कथील वितळवून जोड द्या. यालाच सोल्डर करणे म्हणतात. तापलेली कांडी ठिपक्यावर फार वेळ धरू नका, स्पीकर जळेल. दोन जोड एकमेकांना चिकटू देऊ नका.

७. वाटी बंद करण्यापूर्वी पुन्हा ऐका.

सावध राहा

सोल्डरमध्ये शिसे असू शकते. धूर नाकात जाऊ देऊ नका. काम झाल्यावर हात साबणाने धुवा. मुलांना दूर ठेवा. बिनतारी हेडफोनमध्ये बॅटरी असते, तो घरी उघडू नका. हेडफोनमधली वीज अगदी थोडी असते. घरातल्या विजेच्या तारेला मात्र असा हात कधीही लावू नका. ती वीज जीव घेते.

आजोबांचा पहिला जोड सुटला. दुसरा टिकला. सून कागद वाचून सांगत होती, ते जोडत होते. आम्ही फक्त दिवा धरून उभे होतो. दुसऱ्या दिवशी आजोबा वर्गात आले आणि पुढच्या ओळीत बसले.

उत्तरे लिहा

१. सुनेने हेडफोन उलटा लावायला का सांगितला?
२. तारेला आतून गाठ का मारावी?
३. तारांचे रंग कागदावर का लिहून ठेवावेत?
४. तुमच्या घरात दुरुस्त होण्यासारखी कोणती वस्तू पडून आहे?