पळणाऱ्याच्या पाठीवर वार

शत्रूला पाठ दाखवून पळणे धोक्याचे, हे कोणीही सांगेल. पण धोका नेमका किती? तो मोजण्याची संधी एका खेळात मिळते.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. यात प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक वीराची भूमिका घेतो. शत्रूंच्या वतीने खेळ चालविणारा खेळतो. वार लागला की चुकला, हे वीस बाजूंच्या फाशावर ठरते.

या खेळाच्या २०१४ च्या आवृत्तीतील एक नियम पाहा. तुम्ही शत्रूच्या शस्त्राच्या टप्प्यातून बाहेर पडू लागलात, की त्याला तुमच्यावर एक जादा वार करता येतो. याला आपण ‘संधीचा वार’ म्हणू. तुम्ही ‘सावध माघार’ घेतलीत तर हा वार टळतो. मात्र त्या पाळीत तुम्हाला हल्ला करता येत नाही, की दुप्पट अंतर धावता येत नाही.

समजा, तुमच्या चिलखताचा अंक १५ आहे. शत्रू फाशावरील आकड्यात आपल्या कौशल्याचे ४ मिळवतो. बेरीज १५ किंवा अधिक झाली तर वार लागतो. म्हणजे फाशावर ११ ते २० पैकी काहीही पडावे लागते. संभाव्यता १०/२०, म्हणजे १/२.

आता शत्रू दोन आहेत. १/२ + १/२ = १, तेव्हा वार लागणारच, असे तुम्ही म्हणाल. पण ते चूक आहे! दोन्ही वार चुकण्याची संभाव्यता १/२ × १/२ = १/४. म्हणून निदान एक वार लागण्याची संभाव्यता ३/४. शत्रू तीन असतील तर ७/८. शत्रू कितीही वाढले तरी ती पुरती १ होत नाही.

मग धावावे की सावध माघार घ्यावी? तुम्ही व ते दोघे शत्रू एका पाळीत ३० फूट चालता, धावल्यास ६० फूट. सुरक्षित दार ३० फुटांवर असेल तर सावध माघार घ्या. एकही वार होणार नाही. दार ६० फुटांवर असेल तर? धावल्यास निघतानाच दोन वार. सावध माघार घेतल्यास शत्रू मध्येच गाठतील आणि आपल्या पाळीत दोन वार करतील. धोका सारखाच!

दार ९० फुटांवर असेल तर? कागद घ्या आणि पाळीपाळीने मांडून पाहा. फासा नसल्यास १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या चालतील. मात्र काढलेली चिठ्ठी दर वेळी परत टाकायला विसरू नका.