माळावरील रुई : एक निसर्गपाठ

वैशाखात लोणार, सिंदखेड राजा या बाजूचे माळ करपून जातात, तेव्हाही रुई हिरवी असते. तिचे मूळ खोल जाते. पानांवरील पांढुरकी लव व मेणचट थर ओलावा सहजी उडू देत नाहीत. विषारी चिकामुळे शेळीही तिला सहसा तोंड लावीत नाही. बिबळ्या कडवा या फुलपाखराच्या अळ्या मात्र याच पानांवर पोसतात. चिकातील विष त्यांच्या अंगी भिनते, म्हणून पक्षी त्यांना टाळतात. नाव सार्थच म्हणावयाचे! तरी अन्नसाखळी तेथे तुटत नाही. काही परोपजीवी माश्यांची पिल्ले त्या अळ्यांच्याच अंगात वाढतात.

शालेय सफाईत रुई समूळ उपटली जाते. पाठासाठी एखादे झुडूप आवाराच्या कडेस राखावे. पान शिक्षकांनी स्वतःच उलटून दाखवावे. चीक डोळ्यांत गेल्यास दृष्टीस अपाय होतो.